छताला एकच हात

माझी सून भांडखोर आहे. लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यातच तिने मला ऐकवलं होतं, "आई, तुमच्या या निळ्यात जीव नाही." तीस वर्षं रंगाचे डबे ढवळण्यात घालवलेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे छाती लागते. मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी कुणी बघत नाही असं बघून तिच्या सांगण्याप्रमाणे रंग मिसळला. पाचव्या दिवसापासून पुन्हा भांडायला लागले, कारण तिचं बरोबर निघालं होतं.

आमचा धंदा घरांना रंग देण्याचा. नवऱ्याने सुरू केला, मी वाढवला. हाताखाली बावीस माणसं असायची आणि सगळी मला मुकादमीण म्हणायची. पाठीमागे आणखीही काही म्हणायची, ते मला ठाऊक आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही. शाळा माझी चौथीपर्यंतची. पण बोटाने भिंत वाजवून आत किती ओल आहे ते मी सांगते, आणि इंजिनियर लोक मग यंत्र लावून तेच सांगतात.

तर ही अशी सून हॉस्पिटलच्या नऊ नंबरच्या खोलीत आली आणि आज्ञाधारक झाली. "हो आई." "बरं आई." "तुम्ही म्हणाल तसं." तेरा वर्षांत जे मी ऐकलं नव्हतं ते आठ दिवसांत पोटभर ऐकलं. मी घाबरले ती तेव्हाच. डॉक्टरांनी घाबरवलं ते नंतर.

आतड्याचं एक ऑपरेशन झालं होतं. जखम आतून धरत नव्हती, म्हणून दुसरं करणं भाग होतं. पण डॉक्टरीणबाईंनी मला आणि माझ्या मुलाला बाहेर बोलावून सांगितलं, "आत्ता केलं तर टेबलावर टिकणार नाहीत. दहा दिवस देते. वजन उतरायचं थांबलं पाहिजे, रक्त वाढलं पाहिजे, झोप लागली पाहिजे. नाही तर मला हात लावता येणार नाही."

"आणि हात लावला नाही तर?" मी विचारलं.

त्या बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "तर फार दिवस नाहीत, आजी."

माझा मुलगा भिंतीला टेकला. तो त्याच्या बापावर गेलाय, मऊ. मी त्याला म्हटलं, "टेकू नकोस, रंग ओला असतो." रंग कधीचाच वाळला होता, पण तोंडाला जे सवयीचं ते आधी येतं.

मग मी कंबर कसली. घरून डबे आणले. सूप, दूध, मऊ भात, फळांचा रस. लाडीगोडी मला जमत नाही, म्हणून दटावून भरवायला बसले. ती दोन चमचे घ्यायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची.

"तेरा वर्षं माझ्या हातचं नावं ठेवत ठेवत गिळलंस, आता काय झालं? मीठ कमी आहे म्हण, जळलंय म्हण."

"चांगलं झालंय आई."

चांगलं झालंय. माझ्या हातच्या सुपाला. मी डबा घेऊन बाहेर गेले आणि बाकावर बसून एकटीने संपवलं. पाणचट झालं होतं.

मी बसायची स्टुलावर, पलंगाच्या पायथ्याशी. तिथून खिडकी दिसायची, कारण पलंगाचं डोकं बरोबर खिडकीखाली होतं. खाली रस्त्यापलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान. त्या दुकानदाराचं आणि शेजारच्या शिंपिणीचं रोज वाजायचं. तो सायकली तिच्या दारात लावायचा, ती त्या ओढून त्याच्या दारात टाकायची. मी सुनेला सगळं सांगायची, आज तिने काय फेकलं, त्याने काय शिवी दिली. ती म्हणायची, "हं." मला वाटायचं, हिला आता जगाचं काही उरलेलं नाही. तिला ती खिडकी दिसतच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तिच्याकडे बघत होते, ती कुठे बघतेय ते बघत नव्हते.

दहातले तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुपारी तिला पोटाचा फोटो काढायला खाली नेलं. मुलगा बरोबर गेला. माझी पाठ मोडून आली होती. स्टूल हा प्रकार ज्याने शोधला त्याला नातेवाईक नसणार. मी दार लोटलं, चपला काढल्या आणि सरळ तिच्या पलंगावर आडवी झाले.

आणि वर बघितलं.

पहिली दिसली ती ट्यूब. बरोबर कपाळावर. जुन्या ट्यूबा गुणगुणतात, तशी गुणगुणत होती आणि मधूनच डोळा मारत होती. हात आडवा धरला तरी बोटांतून उजेड घुसत होता. मग छत दिसलं. रंगातून खालची ओल वर आलेली, पिवळी, कडा तांबूस. एक डाग तर थेट छातीच्या वर, पसरलेला, मधे काळपट. रोलरचे पट्टे मोजता यावेत असे. एका जागी पोपडा सुटून लोंबत होता, पंख्याच्या वाऱ्याने हलत होता, आता पडेल, मग पडेल. मी जेमतेम दहा मिनिटं पडले असेन. त्यातली निम्मी त्या पोपड्याकडे बघण्यात गेली.

ही बाई इथे एकोणीस दिवस पडली होती.

माझ्या तोंडून निघालं, "कुठल्या गाढवाचं काम आहे हे?" भेगांत लांबी न भरता, ओल न काढता, एकच हात मारून पळालेला माणूस. असल्या माणसाला मी कामावर ठेवलं नसतं. नजर सवयीने कोपऱ्यात गेली, कारण काम वाईट की चांगलं ते कोपरा सांगतो.

कोपऱ्यात तीन बोटं होती.

आमच्या टोळीची ती रीत. खोली पुरी झाली की माझा नवरा भिंतीच्या रंगात तीन बोटं बुडवायचा आणि छताच्या कोपऱ्यात टेकवायचा. कुणी तक्रार घेऊन आलं तर आपलं काम कुठलं ते ओळखता यावं, आणि पुरं झालं याची खूण. त्याचं मधलं बोट दाराच्या फटीत सापडून पेरभर तुटलेलं. त्या कोपऱ्यातल्या फिक्या हिरव्या तीन ठशांत मधला आखूड होता. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झाली. त्याची बोटं अजून तिथे होती आणि गाढव मी होते.

बारा वर्षांपूर्वीचं, शेकडो कामांत विसरून गेलेलं सगळं आठवलं. हॉस्पिटल नवं होतं, उद्घाटनाची तारीख ठरलेली, सतरा खोल्या आणि आठ दिवस. साहेब लोक तपासणीला यायचे ते भिंतीवरून हात फिरवायचे, दारामागे वाकून बघायचे. मान वर कुणी केली नाही. मी टोळीला सांगितलं, "भिंतीला दोन हात, छताला एकच. छताकडे कोण बघतंय?" सून तेव्हा घरात नवी. हातात ढवळायची काठी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, इथे माणसं उताणी पडणार आहेत."

मी काय म्हणाले तेही आठवलं. "इथे माणसं बरी व्हायला येतात, छत बघायला नाही."

नवऱ्याने तेव्हा एकदा माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हटलं, लाव. त्याने बोटं बुडवली आणि लावली.

"आजी, पेशंटच्या पलंगावर झोपायचं नसतं." दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. दहा वर्षं त्या मजल्याच्या मुख्य. बाई कामाला वाघ, आणि बोलायलाही.

"तुम्ही झोपलाय कधी यावर?"

"मला झोपायला वेळ असता तर घरी झोपले असते. उठा."

मी उठले. चादर सारखी केली आणि चपला घातल्या.

सुनेला परत आणलं, पलंगावर घेतलं. मुलगा औषधं आणायला गेला. मी स्टूल तिच्या तोंडाजवळ ओढलं.

"तुला ठाऊक होतं?"

तिने विचारलं नाही, काय म्हणून. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तेव्हा बोलले होते की. काय झालं?"

मला ते लागायला हवं होतं. पण खरं सांगते, बरं वाटलं. "हो आई"च्या ऐवजी काहीतरी आलं होतं.

"तो डाग मोठा होतो," ती म्हणाली. "होत नाही, मला कळतं. पण दुपारी होतो. आणि ते लोंबतंय ना, ते पडेपर्यंत मी थांबलेय असं वाटतं. ते पडलं की मी सुटले."

"म्हणून तोंड भिंतीकडे करतेस?"

"भिंत चांगली आहे," सून म्हणाली. "भिंतीला दोन हात आहेत."

मी तडक मोठ्या सिस्टरांकडे गेले. म्हटलं, पलंग फिरवायचा आहे, पाय खिडकीकडे, डोकं दाराकडे. त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली नाही. ऑक्सिजनची नळी खिडकीकडच्या भिंतीत, बेल तिथेच, राउंडला डॉक्टर उजवीकडे उभे राहतात, आणि सतराच्या सतरा खोल्यांत पलंग तसेच आहेत.

"सतरांचं मी विचारत नाही. नऊ नंबरचं विचारतेय."

"ऑफिसात अर्ज द्या."

ऑफिसात एक साहेब होते. टेबलावर फायलींची अशी रास की त्यांचा फक्त चष्मा दिसायचा. मी पलंगाचं सांगितलं, ट्यूबचं सांगितलं, छताचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता, बसून बसून त्याचा बसका झाला होता इतकंच.

"आजीबाई, बारा वर्षांत छताबद्दल एकाही पेशंटची तक्रार नाही."

"पेशंटने तक्रार कुणाकडे करायची? छताकडे?"

"हे बघा, माणूस औषधाने बरा होतो. रंगाने नाही."

"मग तुमच्या डोक्यावर हे गुळगुळीत कशाला केलंय?" मी वर बोट दाखवलं. त्याच्या ऑफिसला नंतर दुसऱ्या कुणी रंग दिला होता, चांगले तीन हात. "तुम्ही तर बसलेले असता. खाली बघून सह्या करता."

तो हसला. म्हणाला, समितीपुढे ठेवतो, पुढच्या महिन्यात बैठक आहे.

"माझ्याकडे सहा दिवस आहेत," मी म्हटलं. "आणि एक सांगते, लिहून घ्या. ते छत मी केलंय. वाईट केलंय. मी तुमच्याकडे मागायला आले नाही, माझं राहिलेलं काम पुरं करायला आलेय."

त्याने ते लिहून घेतलं नाही. बहुतेक म्हातारीचं डोकं फिरलंय अशी नोंद मनात केली.

हॉस्पिटलच्या नळांचं आणि पाइपांचं बघणारा एक मिस्त्री होता, कमरेला कायम पान्हा. तो मला बघून थबकला. "मुकादमीणबाई? तुम्ही अजून आहात?"

"तू अजून आहेस तर मला जायची काय घाई?"

उद्घाटनाच्या आधी आम्ही रंग मारत होतो तेव्हा तो पाइप बसवत होता. त्याला खोलीत आणलं. त्याने नळी बघितली आणि म्हणाला, दोन हात कमी पडते, पण स्टोअरमध्ये याहून लांब नळी पडून आहे. बेलची वायर तर फिरवून घेता येईल. मी डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठलं. आधी त्यांना विचारणं भाग होतं, मी हट्टी आहे, मूर्ख नाही. त्या दोन पायऱ्या खाली उभ्या राहून म्हणाल्या, "नळी नीट पोचत असेल, दाब बरोबर येत असेल, तर मला कुठूनही तपासता येतं. मला डावा हातही आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सिस्टरांची पाळी बदलताना, मी, मुलगा आणि मिस्त्री, तिघांनी मिळून पलंग फिरवला. सुनेला वर ठेवूनच. मिस्त्रीने नळी जोडली आणि दोनदा तपासली. पलंगाचा डोक्याकडचा भाग उचलला. ट्यूब आता तिच्या पायांवर होती, समोर खिडकी.

तिने डोळे बारीक करून रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या शिंपिणीला तुम्ही म्हातारी म्हणालात. चाळिशीचीही नाही ती."

"मला लांबून दिसली."

"आणि तो माणूस चाक उलटं बसवतोय. आता परत काढावं लागणार बघा." तिने मान थोडी पुढे केली. "काढलं."

मोठ्या सिस्टर आल्या आणि दारातच लाल झाल्या. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"मी ऑफिसला कळवणार. जागेवर घ्या पलंग."

"घेते. एक काम करा आधी. आता हिला पट्टी बदलायला नेतील, पलंग रिकामा होईल. तेव्हा मी जागेवर घेते, आणि तुम्ही पाच मिनिटं त्यावर पडा. पडल्यावरही म्हणालात की तसाच राहू दे, तर माझं तोंड बंद."

"तुमचं तोंड बंद होणार म्हणता?" सिस्टर म्हणाल्या. "मग पडते."

सुनेला नेलं, आम्ही पलंग जागेवर घेतला आणि त्या पडल्या, मला वाटतं, पैज म्हणून. आणि दमल्याही होत्या. बूट न काढता, पाय बाहेर ठेवून. मी घड्याळ बघत नव्हते, त्यांचं तोंड बघत होते. एक मिनिटाने त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. मग काढला. मग त्या पोपड्याकडे बघत राहिल्या.

"हे पडतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही पडत. तेच तर."

उठून त्यांनी टोपी सारखी केली. दहा वर्षं ज्या खोलीत दिवसातून वीस वेळा येतो तिथे पहिल्यांदाच आल्यासारखं इकडेतिकडे बघितलं. "पलंग फिरवा परत तुमच्यासारखा," त्या म्हणाल्या. "आणि ही ट्यूब बदलून घेते मी आजच. पण आजी, तोंड बंद ठेवायचं कबूल केलंय तुम्ही."

"तसाच राहू दे म्हणालात तर, असं म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात कुठे?"

साहेबांनी कागद पाठवला, पलंग पूर्ववत करावा म्हणून. सिस्टरांनी तो रजिस्टरात ठेवला आणि रजिस्टर कपाटात ठेवलं.

मी काही जादू सांगत नाहीये. पहिल्या दिवशी तिने अर्धी वाटी जास्त घेतली, दुसऱ्या दिवशी ओकली. तिसऱ्या दिवशी शिंपिणीने सायकलवर बादलीभर पाणी ओतलं तेव्हा सून हसली आणि टाके दुखले म्हणून रडली. पण नंतर चार तास झोपली. उठल्यावर म्हणाली, सूप पाणचट आहे. मी डबा घेऊन घरी गेले, दुसरं केलं, आणि रस्त्याने येताना लोकांनी बघावं इतकी ताठ चालले.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले, पापणी खाली ओढून बघितली. "काठावर आहे," त्या म्हणाल्या. "पण काठाच्या अलीकडे. उद्या करू."

सकाळी तिला ढकलगाडीवर घेतलं. नंतर काही दिवस अतिदक्षतेच्या काचेच्या खोलीत ठेवणार होते, म्हणजे नऊ नंबर रिकामी राहणार होती. मी गाडीबरोबर चालले. लोक अशा वेळी देवाचं नाव घेतात, धीर देतात. मी म्हटलं, "छताला कुठला रंग?"

तिने डोळे उघडले. "पांढरा नको."

"ते मला कळतं. सांग."

"एक डबा पांढरा. त्यात दोन चमचे पिवळा. आणि काळा."

"काळा? आजाऱ्याच्या डोक्यावर काळा?"

"काडीच्या टोकावर, आई. त्याशिवाय तो डोळ्यात घुसतो. टोकावर म्हणजे माझ्या टोकावर. तुमच्या टोकावर पाव डबा बसतो."

दार आलं. पुढे आम्हाला जाता येत नव्हतं. ती आत गेली आणि मी मुलाला म्हटलं, "चढायचा घोडा आण. आणि खरवडायचा पत्रा, आणि तो लहान रोलर. वास न येणारा रंग, पाण्यातला."

"आई, ती आत आहे."

"म्हणूनच. बाहेर आली की कुठे झोपवणार तिला?"

सिस्टरांनी नऊ नंबरच्या दारावर पाटी लावली, सफाई चालू आहे. खोटं नव्हतं ते. त्यांनीच सांगितलं, तीन दिवस, आणि धूळ बाहेर आली तर मीच तुम्हाला बाहेर काढीन. म्हणून दाराच्या फटी ओल्या चादरींनी बंद केल्या आणि खिडकी सताड उघडली.

ऑपरेशनला पाच तास लागले. त्या पाच तासांत मी पोपडे खरवडले. माझी नणंद भेटायला आली, तिने दार ढकलून बघितलं आणि दारातच उभी राहिली. मी घोड्यावर, केसांत चुना, तोंडाला फडकं.

"वहिनी, सून मरणाच्या दारात आणि तुम्ही रंग मारताय? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही आधी काय म्हणाल ते म्हणून घ्या, लोकांचं मग बघू."

"तिच्याजवळ बसायचं सोडून."

"काचेबाहेर बसून मी काय करणार? काच पुसणार? तुमचा भाऊ इथे अर्धवट काम टाकून गेला माझ्या सांगण्यावरून. आत या नाही तर दार लावा, धूळ जाते."

तिने दार लावलं. आतून.

मी तिला खालून घोडा धरायला लावला. एकाहत्तराव्या वर्षी घोड्यावरून पडून मला त्या साहेबाच्या सतरापैकी एका खोलीत झोपायचं नव्हतं.

ओल न काढता रंग मारणं म्हणजे तापावर पावडर लावणं. मिस्त्रीने वरच्या मजल्यावरचा पाइप उघडला, तर सांधा बारा वर्षं थेंब थेंब गळत होता. सुनेच्या छातीच्या वरचा तो काळपट डाग याच पाण्याचा. सांधा बदलला. मग रात्रभर पंखा आणि हीटर लावून वाळवलं, लांबी भरली, कागदाने घासलं, पहिला हात दिला. दोन्ही खांदे म्हणत होते, बाई बस. मुलगा म्हणत होता, आई माणूस लावतो. मी म्हटलं, माणूसच लावला होता मागच्या वेळी.

ऑपरेशनच्या संध्याकाळी मुलगा काचेकडून आला होता. म्हणाला, नाडी बरोबर आहे, अजून डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडले. मी काचेपर्यंत गेले, तिने मला बघितलं, माझ्या केसांतला चुना बघितला, आणि डोळे मिटले. मी परत आले, आणि तिसऱ्या दिवशी दुसरा हात सुरू केला.

तो कोपरा मी शेवटी ठेवला होता.

पहिल्या हाताच्या वेळी मी त्याच्याभोवती ब्रश फिरवून पुढे गेले होते. आता सगळं छत एकसारखं होतं आणि कोपऱ्यात तेवढा जुना, मळका तुकडा, त्यावर तीन बोटं. मधलं आखूड. मी घोड्यावर उभी राहून माझी बोटं त्यावर ठेवून बघितली. माझी लहान पडली. खाली नणंद घोडा धरून उभी, तिने वर बघितलं आणि तिला कळलं. तिच्या भावाची बोटं ती ओळखणार नाही तर कोण.

"राहू दे ना तेवढं," ती म्हणाली.

मलाही राहू द्यायचं होतं. पण ती खूण म्हणजे काम पुरं झालं. काम पुरं झालं नव्हतं, आणि त्याला ते ठाऊक होतं, आणि त्याने माझ्यासाठी लावली होती. बारा वर्षं त्या माणसाने माझ्या आळसावर सही ठेवली. मी आधी पत्रा फिरवला, मग लांबी, मग पहिला हात, आणि तो वाळला तसा दुसरा. नणंद नाक ओढत होती. मी म्हटलं, "घोडा हलवू नका."

साहेब आले ते चौथ्या दिवशी, बातमी वर गेल्यावर. दारात उभे राहून म्हणाले, परवानगीशिवाय, नियमाप्रमाणे, जबाबदारी कुणाची.

"माझी," मी म्हटलं. "आधीही माझीच होती. मान वर करा साहेब, बारा वर्षांपूर्वी तुमच्यापैकी कुणी केली असती तर आपण दोघंही वाचलो असतो."

त्यांनी मान वर केली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. सिस्टर मागून म्हणाल्या, "सर, बाजूला व्हा, पेशंट येतोय."

सुनेला आत आणलं. डोळ्यांखाली खड्डे, नाकात नळी, हात काडीसारखे. तिला पलंगावर घेतलं, पाय खिडकीकडे, पण अजून डोकं उचलायचं नव्हतं, सपाट ठेवायचं होतं. म्हणजे समोर फक्त छत. मिस्त्री दारात पान्हा धरून, मुलगा पायाशी, सिस्टर सलाइन लावताना मुद्दाम हळू. मी भिंतीशी उभी राहिले. आयुष्यात कुठल्याही मालकाने काम तपासताना मी अशी भ्यायले नव्हते.

ती बघत राहिली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत डोळे सावकाश गेले. परत आले.

"काळा जास्त झालाय," ती म्हणाली.

"अजिबात नाही."

"झालाय. तिकडे, खिडकीजवळ राखाडी दिसतं."

"ढग आलेत बाहेर. ऊन पडलं की बोल."

"तुमचं टोक, आई. मी सांगितलं होतं, माझं टोक घ्या."

"तुझं टोक आत टेबलावर पडलं होतं. मी माझ्या हाताने केलं."

मुलाने तोंड खिडकीकडे फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. सिस्टर म्हणाल्या, हळू बोला, शेजारी पेशंट आहेत.

सुनेने कोपरा शोधला. "बोटं कुठं गेली बाबांची?"

"काढली. बाकी सोळा खोल्यांत आहेत अजून. तिथलीही काढणार."

"साहेब काढू देतील?"

"साहेबांना मी एकदा आडवं झोपवीन, मग देतील."

ती थोडी हसली, मग टाक्यांवर हात ठेवून थांबली. डोळे मिटायला लागले होते. मला वाटलं झोपली. मी चादर नीट केली तेव्हा तोंडातल्या तोंडात, पण अगदी स्पष्ट म्हणाली, "दहा नंबरच्या खोलीत काळा मी घालणार. तुम्ही डब्याला हात लावायचा नाही."